झाकणाखालचं पाणी

सकाळी आईने माझ्या हातात एक पांढरी डबी ठेवली आणि म्हणाली, "तनू, रूपालीले हे लावून दे. तुले येते. पाहुने दुपारून येऊन राह्यले."

बस, एवढंच. गजरा माळून दे म्हणावं तसं. मी डबी घेतली, कारण हातात कुणी काही ठेवलं की हात आपोआप मिटतो. त्यात माझा होकार वगैरे काही नव्हता. ती गेलीही. स्वयंपाकघरातून पोह्यांच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी खिडकीकडे पाठ करून बाजेवर बसून राहिले, कारण सकाळचं ऊन मला अजून सोसत नाही. मुठीत ती डबी. दोन इवल्या वाट्या, दोन झाकणं, आत डोळ्यात घालायच्या लेन्स. मऊ, ओल्या, बोटाच्या टोकावर मावणाऱ्या. माझा डावा डोळा अशाच डबीने खाल्ला, आणि आज तीच आई तसलीच डबी माझ्याच हाती देऊन माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यात रिकामी करायला सांगत होती. मला वाटलं, मी आता ओरडेन. ओरडले नाही. या घरात मी ओरडले की सगळे एकमेकांकडे बघतात आणि आवाज खाली आणतात, आजारी माणसापाशी आणतात तसा. तो खाली आणलेला आवाज मला डोळ्यापेक्षाही जास्त दुखतो.

माझ्या डाव्या बुबुळावर पांढरा डाग आहे. आमच्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. कुणी ठेवलं असेल हे नाव? ज्याच्या डोळ्यात पडलं नाही त्यानेच. मला त्या डोळ्याने उजेड आणि अंधार कळतो, माणूस हलला तर हलल्याचं कळतं, कोण हललं ते नाही. बुबुळ बदलता येतं असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. डोळा आधी पूर्ण शांत व्हावा लागतो, मग नंबर लागतो, मग कुणीतरी मरावं लागतं. तोवर काळा चष्मा. गंमत बघा, ज्या चष्म्यापायी हे सगळं झालं त्याच्यापेक्षा दुप्पट मोठा चष्मा आता मी घरीदारी घालते आणि त्याबद्दल कुणीही एक शब्द बोलत नाही. आणि आज येणारे पाहुणे तरी कोण? तेच. शेलूबाजारचे दौलतराव, त्यांची बायको वैजयंतीबाई आणि मुलगा गणेश. गेल्या हिवाळ्यात ज्याच्याशी माझं साक्षगंध झालं, ज्याने माझ्या बोटात अंगठी घातली, तोच गणेश. अंगठी परत गेली. आता ते रूपालीला बघायला येताहेत. मोठी नाही तर धाकटी. भाजीवाल्याकडे वांगी किडकी निघाली तर दोडके घेऊन जातात, तसं. आम्ही मळ्यात भाजीच पिकवतो, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची?

मालेगावच्या अलीकडे, वाशीम रस्त्याला लागून आमचा मळा आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. बाबा आणि आई पहाटेच भाजी घेऊन बाजारात जातात, मी वाशीमला एका ऑफिसात संगणकावर लोकांचे दाखले काढून द्यायची. चष्मा मला नववीपासून. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, लग्नाचं निघेपर्यंत. पहिलं स्थळ जऊळक्याचं आलं. मुलाच्या आत्याने माझ्याकडे नाही, चष्म्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा कायमचा हाय का?" मी म्हटलं, हो. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, निरोप धाडला नाही. आईने त्या दिवशी माझा चष्मा उचलून कपाटात ठेवला आणि मला म्हणाली, "तुयं नाक किती चांगलं हाय, कोनाले दिसलंच नाही." मला वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर हसू आलं. ती मंडईत उभी राहून गिऱ्हाइकाला मेथीची जुडी दाखवायची तेव्हा पिवळी पानं आतल्या बाजूला वळवायची, ते मी लहानपणापासून बघत आले होते. त्यात फसवणूक नसते, असं ती म्हणते. समोरची बाजू चांगली दाखवायची, मागची घरी जाऊन त्याची त्याला दिसतेच.

मग अकोल्याला जाऊन लेन्स आणल्या. आणि इथे मला खोटं बोलता येत नाही: मला त्या फार आवडल्या. पहिल्यांदा घालून घरी आले तेव्हा मळ्यात जाऊन उभी राहिले. चष्म्याच्या चौकटीबाहेरचं जग मला तोवर माहीतच नव्हतं. मान न वळवता कडेची वांग्याची ओळ दिसत होती, बांधावरचा बाभळीचा काटा न् काटा दिसत होता, हौदावर वाकलेल्या बाबांच्या मानेवरच्या सुरकुत्या दिसत होत्या, त्यात बसलेली माती दिसत होती. मी बाबांना हाक मारली तर ते वर बघून म्हणाले, "काय वं, रडून काहून राह्यली?" रडत नव्हते. नवीन लेन्स, डोळ्याला पाणी येत होतं. पण आता वाटतं, रडत असेनही. इतकं स्वच्छ मी पुन्हा कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाही. कुणी मला विचारलं की तुझं काय गेलं, तर मी डोळा म्हणत नाही. ती संध्याकाळ गेली, असं मनात म्हणते.

रोज लेन्स घालायची सवड नव्हती. ऑफिसात चष्मा, आणि कुणी बघायला येणार असलं की लेन्स. मधल्या दिवसांत त्या कपाटात डबीत पडून असत, दुकानदाराने दिलेल्या औषधी पाण्यात. ते पाणी बदलत राहायचं असतं, मी बदलत असे. पण एकदा बाटली संपली, अकोल्याला जायला जमेना, आणि मी आईला नुसतं म्हटलं, आता त्या सुकतील बघ. झालं. तेवढं एक वाक्य तिच्या काळजात बसलं. सुकणं हा शब्द माझ्या आईच्या कानावर नुसता पडत नाही. तिचा सगळा जन्म एका गोष्टीत गेला आहे, संध्याकाळी खुडलेली भाजी सकाळपर्यंत सुकू न देणं. जुड्या बांधायच्या, ओसरीत रचायच्या, वर ओलं पोतं टाकायचं, झोपण्याआधी एकदा आणि उठल्या उठल्या एकदा हौदातलं पाणी ओंजळीने शिंपडायचं. बाजारात सीताबाईची मेथी म्हणजे ताजी, हे नाव तिने त्या ओंजळीवर कमावलं. त्या ओंजळीतून दोन थेंब तिने माझ्या डबीत टाकले. मग दर चार-दोन दिवसांनी टाकत राहिली. कपाट उघडायचं, झाकण फिरवायचं, हौदातलं पाणी भरायचं, झाकण लावायचं. मला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं तिला काही वाटलं नाही. आपण पोरीचं पांघरूण सारखं केलं तर सकाळी सांगतो का? मी डबी उघडली तर ती भरलेली. मला वाटलं, बाबांनी अकोल्याहून बाटली आणली असेल. पाण्याचा रंग पाण्याचाच असतो.

आमचा हौद शेततळ्यावर भरतो. तळ्यात म्हशी उतरतात, बगळे उतरतात, पावसात सगळ्या रानाचं पाणी उतरतं. त्याच हौदाच्या पाण्याने आम्ही तोंड धुतो, भाजी धुतो, आजवर कुणालाही काही झालं नाही. हे वाक्य मी पुढे किती ऐकलं! आजवर कोनाले काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवलं होतं, माझ्या बुबुळावरून खरवडून काढलेलं. डोळ्याला न दिसणारा जीव, गोल, दुहेरी भिंतीचा, वाड्याला असावी तशी जाड. तळ्यात, विहिरीत, नळाला, ओल्या मातीत, कुठेही असतो, आपल्या वाटेला जात नाही. त्याला फक्त जरासं खरचटलेलं बुबुळ आणि वर झाकून ठेवणारी लेन्स मिळाली पाहिजे. मग तो राहायला येतो, खातो, आणि औषध लागलं की भिंत बांधून आत बसतो. मी त्या पडद्याकडे उजव्या डोळ्याने बघत होते. मला त्याचा राग आला नाही. त्याने कुणाला पोहे मागितले नव्हते, नाक-डोळे बघितले नव्हते, तो नुसता भुकेला होता.

साक्षगंधाच्या आठवड्यात डोळा लाल झाला. वैजयंतीबाईंनी मला लेन्समध्येच पाहून पसंत केलं होतं, तेव्हा त्या दिवशीही लेन्स हवीच होती. आईने मालेगावातल्या एका दुकानातून थेंबाची बाटली आणली, शेजारणीच्या डोळ्याला लागू पडली होती म्हणून. आश्चर्य म्हणजे लाली गेली. आत काय चाललं आहे ते झाकून टाकणारं औषध होतं ते, हे मला पुढे कळलं. तेव्हा आई हात जोडून म्हणाली, "माय, वाचली आपली इज्जत." साक्षगंधाच्या मांडवात दिव्यांसमोर मी बसले तेव्हा डोळ्यात कुणीतरी कांद्याची फोड धरून पिळत होतं. मी हसत होते. गणेशने अंगठी घालताना हळूच विचारलं, "तुमाले बरं नाही का?" सगळ्या मांडवात हे एकट्याने विचारलं. मी म्हटलं, "धूर हाय ना." कसला धूर? मांडवात गॅसची शेगडीसुद्धा नव्हती. पण त्याने मान हलवली. त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता. फोटोत मी खरंच सुंदर दिसते. नाक चांगलं आहे माझं.

त्यानंतरचं दुखणं मी कुणाला सांगू शकलेले नाही. दात दुखतो तेव्हा दात आणि आपण वेगळे असतो. हे तसं नव्हतं. उजेडाची एक रेघ दाराच्या फटीतून आली तरी मी भिंतीवर डोकं आपटायची. तरी आई म्हणे, आठवडाभर थांब, शेलूबाजारचे हळदीचं ठरवायले येतील, आता दवाखान्यात गेलो तर गोष्ट फुटेल. बाबा म्हणाले, "नेऊ ना बापा, आजच नेऊ." आणि नेलं नाही. बाबांचं सगळं आयुष्य या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत जातं. शेवटी डोळ्यावर पांढरं कडं उमटलं, आरशात मलाच दिसलं, तेव्हा अकोला. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लेन्सला पाणी लागलं होतं का? विहिरीचं, तळ्याचं?" मी नाही म्हणणार होते. माझ्या मागे उभी असलेली आई पुढे झाली. तिला वाटलं, डॉक्टरीणबाई काळजी घेतली का असं विचारताहेत. ती अभिमानाने म्हणाली, "हो ना बाई. एक दिवस सुकू नाही देल्ली मी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मी आईकडे बघितलं. ती अजून हसत होती, शाबासकीची वाट बघत. मला त्या क्षणी तिला मिठी मारावीशी वाटली आणि तिचा गळा दाबावासा वाटला, दोन्ही एकदम, आणि आजही मला दोन्ही एकदमच वाटतं. तिला समजावून सांगितलं तेव्हा ती खाली बसली. रडली नाही. घरी येईपर्यंत बसमध्ये तिने स्वतःचे दोन्ही तळहात पदरात गुंडाळून ठेवले होते. नंतर मात्र तिने ते हळूहळू नाकारलं. नाकारावंच लागतं, नाहीतर रोज संध्याकाळी भाजीवर पाणी कसं शिंपडणार? आता ती म्हणते, नजर लागली. आता ती म्हणते, त्या लेन्सच खराब निघाल्या, स्वस्तातल्या होत्या. महिनोन् महिने मी अंधाऱ्या खोलीत पडून होते, तासातासाला थेंब घालायचे, आणि ते थेंब तीच घालायची, न चुकता, न कंटाळता, पापणी दोन बोटांनी उघडून. ओंजळीने शिंपडायची त्याच हाताने. मी तिला माफ करू बघते. मग ती म्हणते, आजवर कोनाले काही झालं नाही, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

वैजयंतीबाई भेटायला आल्या होत्या, सफरचंदं घेऊन. आईला वाटलं गोष्ट लपेल, पण दिसत्या गोष्टीला काय लपवणार? आईने रडत रडत सगळं सांगून टाकलं, चष्म्यापासून. वैजयंतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अवं ईनबाई, चश्म्याले का आमी नाही म्हटलं असतं? आमच्या गनेशलेच रात्री गाडीवर चश्मा लागते!" मी आतल्या अंधारात पडून हे ऐकलं. मग त्या थोड्या थांबल्या, आणि खरोखर वाईट वाटलेल्या आवाजात म्हणाल्या, "पन आता हे असं झालं... आता लोकं काय म्हनतील." म्हणजे चष्मा चालला असता. नुसता चष्मा. वाईट माणसं असती तर मला बरं झालं असतं; शिव्या देता आल्या असत्या. जाताना त्यांनी ओसरीत जुड्या बांधत बसलेल्या रूपालीला विचारलं, "तू कोनत्या वर्गात हाय वं?" रूपालीने मांडीवर काढून ठेवलेला चष्मा ओढणीखाली सरकवला, असं तिनेच मला पुढे सांगितलं, कावरीबावरी झाली, आणि तेवढ्यात आईने तिला आत पाठवलं.

मग आता ही डबी का? हे मी आईला पोहे भिजवताना जाऊन विचारलंच. "त्यांनी सांगतलं ना तुले, चष्मा चालते म्हून."

"म्हनाले काय जाते." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मोठीचा डोळा गेला, आन् आता धाकटीले बी चश्मा दिसला, तं काय म्हनतील? घरातच दोस हाय म्हनतील डोयाचा. तुह्यामुळं तिचं बी मोडंल मंग." आणि मग तिने मला समजूत घालावी तसं सांगितलं, "आता मी पानी नाही टाकत. औशदाचीच बाटली आनली मोठी."

माझ्यामुळे. मी मागे फिरले. तिचं म्हणणं चूक आहे असंही म्हणता येईना. लोक असंच म्हणतील. लोकांचं आणि आईचं गणित नेहमी जुळतं, फक्त मध्ये आमचे डोळे येतात.

खोलीत रूपाली मोरपंखी साडी नेसून उभी होती, माझ्याच साक्षगंधाला घेतलेली, माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी, करवली म्हणून. चष्मा पलंगावर काढून ठेवलेला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा उघडा पडतो, बाळासारखा. ती सुंदर दिसत होती आणि तिला ते माहीत होतं. गणेश तिला आवडतो. हे मला मांडवातच दिसलं होतं, दोन्ही डोळ्यांनी.

"ताई, दे ना लावून लवकर."

"चष्मा घालूनच बस. त्यांना चालतो."

"आई नाही म्हनते."

"आईला काय कळते? माझ्याकडे पाहून सांग, आईला काय कळते?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सगळेच माझ्या कानाजवळ कुठेतरी बघून बोलतात आता. "एकच दिवस तं लावायच्या हायेत," ती पुटपुटली. "मी सुकू देईन. पानी नाही लागू देनार. शप्पत." आणि माझ्या हातातली डबी काढून घेऊन स्वतःच आरशासमोर गेली. बोटावर लेन्स धरली, पापणी ओढली, डोळा मिचकावला. लेन्स खाली पडली, जमिनीवर, सारवल्या मातीवर. तिने वाकून चाचपून शोधली, सापडल्यावर "हुश्श" म्हणाली, आणि मी बघत असताना, माझ्या या डोळ्यासमोर, तिने ती खिडकीतल्या तांब्यात बुडवली. हौदातून भरलेला तांब्या. माती धुवायला. विचारसुद्धा केला नाही. हात आपोआप गेला. आमच्या घरात काहीही मळलं की हात पाण्याकडेच जातो, तिचा, माझा, आईचा.

मी धावले. पहिल्यांदा हात तिच्या मनगटाच्या अलीकडेच मिटला, अंतर चुकलं. एका डोळ्याने अंतर कळत नाही. दुसऱ्यांदा धरलं. लेन्स हिसकावली आणि नखांनी मधोमध फाडली. डबीतली दुसरी काढून तीही फाडली. किती सहज फाटतात त्या. रूपाली आधी नुसती बघत राहिली. मग तिचा चेहरा वाकडा झाला.

"तुले नाही भेटला तं मले बी भेटू नाही देनार तू. असंच हाय ना? सांग ना, असंच हाय ना?"

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सगळं तयार होतं: पाणी, जीव, दुहेरी भिंत, खरचटलेलं बुबुळ. वर्षभर सांगत आले होते. घरात कुणी ऐकलं नव्हतं, कारण न दिसणाऱ्या गोष्टींत आमच्याकडे देवाशिवाय कुणाला जागा नाही. आता सांगितलं तर ती आईकडे जाईल, दुसरी डबी मागेल, कपाटात असेलच. आईने एक आणली तर दोन आणते. पण मोठी बहीण जळते, हे सगळ्यांना कळतं. ते समजावून सांगावं लागत नाही. जळणाऱ्या बहिणीच्या हातात कुणी लेन्स देत नाही, आणि तिच्यासमोर घालतही नाही. आणि खरं सांगू? ती साडी, तो उघडा चेहरा, मला त्या चेहऱ्याचा राग आला होता. थोडा. त्यामुळे खोटं बोलणं अवघड गेलं नाही.

"हो," मी म्हटलं. "असंच हाय. आन् पुन्हा आनल्या तर पुन्हा फाडीन. पाहुण्यांसमोर फाडीन."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने माझ्याकडे बघितलं, फाटलेल्या तुकड्यांकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एक जुनी अडचण सुटल्यासारखं काहीतरी झालं. ते मी ओळखलं. इतके महिने माझ्याकडे बघताना तिला जे कळत नव्हतं ते तिला आता कळलं होतं: पोरगी वाईट आहे. म्हणजे दोष पाण्यात नव्हता. तिने पदराने हात पुसले, आणि रूपालीला म्हणाली, "घाल माय चश्मा. आता काय करतं."

बाहेर रस्त्यावर गाडी थांबली. बाबांचा "या, या" ऐकू आला. रूपालीने पलंगावरचा चष्मा उचलला, ओढून पदर सारखा केला, चष्मा लावला आणि जाण्याआधी माझ्याकडे वळून पाहिलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्या कानाजवळ न बघता सरळ माझ्याकडे पाहत होतं. इतक्या तिरस्काराने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिचे दोन्ही डोळे स्वच्छ होते.